लिव्हरचा आकडा थोडा वाढला, तर?

गेल्या वर्षी चाळिशीतले एक शिक्षक रिपोर्ट घेऊन माझ्याकडे आले. विम्याच्या तपासणीत एसजीपीटी ७२ निघाले होते. प्रयोगशाळेची मर्यादा ४०. शेजारी म्हणाले, 'कावीळ!' झाले. घरात तेल-तूप बंद, हळद बंद, आणि लिव्हरचे टॉनिक व गुळवेलीचा काढा सुरू!

वाचकहो, यकृताच्या पेशींना इजा झाली की एसजीपीटी व एसजीओटी ही विकरे रक्तात उतरतात. कावीळ मात्र बिलिरुबिनवरून ठरते, आणि गुरुजींचे बिलिरुबिन नॉर्मल होते. एसजीओटी तर स्नायूंतूनही येते. जड व्यायामानेही वाढते. तेव्हा घाबरू नये, पण रिपोर्ट कपाटातही टाकू नये. कारण शोधावे.

ही कारणे बहुधा ठरलेली असतात: दारू, सुटलेले पोट, मधुमेह, हिपॅटायटिस बी व सी, क्षयाची काही औषधे, पॅरासिटामॉलचा अतिरेक. काढेही निर्धोक नसतात. २०२० साली करोनाकाळात मुंबईत गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांत यकृताची इजा आढळली व पुढच्या वर्षी ती वैद्यकीय नियतकालिकात नोंदली गेली.

टॉनिकच्या बाटलीने समाधान मिळते, कारण तसेच राहते. मीही पूर्वी अशा बाटल्या लिहून दिल्या आहेत, हे कबूल करतो. आता देत नाही.

गुरुजी दारूला शिवत नव्हते. बी व सी निगेटिव्ह, वजन ८४ किलो, साखर काठावर. सोनोग्राफीत यकृतावर चरबी. "डॉक्टर, मी तर पीत नाही!" ते म्हणाले. न पिणाऱ्यांच्याही यकृतावर चरबी साठते आणि दुर्लक्ष केल्यास काहींत वर्षानुवर्षांनी सिरोसिस होतो.

काढा व टॉनिक थांबवले. गोड चहा, फरसाण, रात्रीचा भात कमी. रोज पाऊण तास भरभर चालणे. वजन ७ ते १० टक्के उतरले तर यकृत पुष्कळ सुधारते. सहा महिन्यांत गुरुजींचे ७ किलो उतरले. एसजीपीटी ३८ झाले.

आकडा वाढल्यास काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करावी. सहा महिने तसाच राहिला तर तज्ज्ञांना दाखवावे. क्षयाच्या गोळ्या चालू असताना उलट्या झाल्या वा डोळे पिवळे दिसले, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.