मोटारसायकलीचा ठावठिकाणा आणि कागदांचा घोळ

शिरूर आणि दौंड ही दोन्ही गावे नदीकाठची आणि दोन्ही पुणे जिल्ह्याच्या वेशीवरची. शिरूरला घोडनदीचा पूल ओलांडला की अहिल्यानगर जिल्हा लागतो, दौंडला भीमा ओलांडली की श्रीगोंदा तालुका. आमच्या व्यापारी बांधवांना ही गोष्ट सोयीची आहे, कारण दोन जिल्ह्यांचे गिऱ्हाईक एकाच बाजारात येते. मोटारसायकल चोरणाऱ्यालाही ती तितकीच सोयीची आहे. हँडल लॉक तोडून गाडी सुरू करायला त्याला काही मिनिटे लागतात आणि पुढच्या काही मिनिटांत तो दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत पोहोचलेला असतो. रांजणगाव, सणसवाडी, शिक्रापूर इकडच्या कारखान्यांबाहेर आणि दौंड जंक्शनच्या आवारात तर दिवसभर गाड्यांच्या रांगा उभ्या असतात. मालक संध्याकाळपर्यंत येणार नाही, हे तिथे कोणालाही कळते.

नोकरदाराची गाडी गेली तर तो दुसऱ्या दिवशी एस.टी.ने कामावर जातो. गावोगाव फिरून कापड विकणारा, अंडी-कोंबड्या पोचवणारा, प्लंबर, वेल्डर, फर्निचरवाला, बेकरीचा माल टपऱ्यांवर टाकणारा आमचा बांधव मात्र घरी बसतो. त्याची गाडी हेच त्याचे दुकान असते. आठवडाभर गाडी नसली की उधारी वसूल होत नाही आणि बांधलेले गिऱ्हाईक दुसरीकडे वळते. म्हणूनच गाडीत बसवायच्या जी.पी.एस. यंत्राबद्दल सध्या बाजारात जी चौकशी चालू आहे ती आम्हाला योग्य वाटते. यंत्र जरूर बसवावे. मात्र यंत्र बसवले म्हणजे गाडी परत मिळण्याची हमी झाली, असा जो समज पसरत आहे त्याबद्दल चार गोष्टी सांगणे आम्हाला आवश्यक वाटते.

हे यंत्र काडेपेटीहून थोडे मोठे असते. आकाशातल्या उपग्रहांकडून ते स्वतःची जागा ओळखते आणि आतल्या सिमकार्डावरून ती जागा मालकाच्या मोबाईलवर कळवते. म्हणजे त्याला दोन गोष्टी लागतात, मोकळे आकाश आणि मोबाईलची रेंज. गाडी पत्र्याच्या शेडमध्ये घातली की उपग्रहाचा संदेश मंदावतो किंवा तुटतो. त्यानंतर पडद्यावर दिसते ती शेवटची कळलेली जागा. यंत्र सीटखाली प्लॅस्टिकच्या भागात, वरची बाजू आकाशाकडे ठेवून बसवावे, लोखंडी टाकीखाली दडवू नये. सिम कोणत्या कंपनीचे चालते तेही विचारून घ्यावे. स्वस्त यंत्रे पुष्कळदा २जी वर चालतात आणि जिओचे जाळे ४जी पासून पुढचे आहे, तेव्हा अशा यंत्रात जिओचे सिम टाकून उपयोग नाही. यंत्र दीड-दोन हजारांपासून मिळते, पण त्याचे सिम दरवर्षी रिचार्ज करावे लागते. चोरी व्हायची ती नेमकी रिचार्ज संपलेल्या महिन्यात होते!

यंत्राची वायर गाडीच्या बॅटरीला जोडलेली असते. चोराने ती तोडली तर मोबाईलवर इशारा येतो आणि यंत्र स्वतःच्या छोट्या बॅटरीवर काही वेळ चालते. हा काही वेळ फार मोलाचा असतो. गाडी महिनाभर एका जागी उभी राहणार असेल तर मात्र यंत्रच गाडीची बॅटरी उतरवते, हेही लक्षात असू द्यावे. यंत्रासोबत येणारा पासवर्ड पुष्कळदा १२३४५६ असा सर्वांना ठाऊक असलेला असतो. तो पहिल्याच दिवशी बदलावा, नाहीतर आपली गाडी कुठे उभी आहे हे तिसऱ्यालाही पाहता येईल. मोबाईलवरून इंजिन बंद करण्याची सोय ज्यात आहे त्यांनी ती धावत्या गाडीवर कधीही वापरू नये. खाली पडणारा चोर असला तरी मागून येणारा ट्रक कोणावर जाईल सांगता येत नाही.

किल्लीला अडकवायचे बटणाएवढे ब्लूटूथ टॅगही हल्ली मिळतात. ते उपग्रहाशी बोलत नाहीत, जवळून जाणाऱ्या लोकांच्या मोबाईलवरून आपला पत्ता कळवतात. पुण्याच्या लक्ष्मी रोडवर त्यांचा उपयोग होईल, न्हावऱ्याच्या बाजूच्या एखाद्या एकाकी वस्तीवर होणार नाही. शिवाय अनोळखी टॅग आपल्यासोबत फिरतो आहे असा इशारा ते चोराच्याच मोबाईलला देऊ शकतात. ही सोय बायाबापड्यांचा कोणी चोरून पाठलाग करू नये म्हणून केलेली आहे आणि ती योग्यच आहे, पण गाडीच्या कामी तिचा तोटा होतो.

समजा, मोबाईलवर ठिपका दिसला. आता काय करायचे? आमच्या तरुणांचा पहिला विचार असतो, चार मित्र घ्यायचे, दोन गाड्या काढायच्या आणि रात्रीच जाऊन आपली गाडी उचलून आणायची. आम्ही याला स्पष्ट विरोध करतो. ठिपका पाच-दहा मीटरने सहज इकडेतिकडे होतो. आपल्याकडे उसाचा फड आणि शेजारची वस्ती यांत कधी तेवढेही अंतर नसते, आणि एकाला एक लागून तीन घरे असली तर कोणत्या घराचे दार वाजवणार? परक्या गावात रात्री अकरा वाजता अनोळखी पोरांचे टोळके गोठ्यात डोकावताना दिसले तर गाव त्यांना काय समजेल? १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे पोटासाठी फिरणाऱ्या पाच भटक्या लोकांना मुले पळवणारे समजून जमावाने ठार मारले. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे अफवेच्या भरात दोन साधू आणि त्यांचा चालक मारले गेले. संशयाने पेटलेला जमाव कोणाची ओळख विचारत बसत नाही. पन्नास-साठ हजारांच्या गाडीसाठी घरचा कर्ता मुलगा त्या जमावापुढे उभा करू नये.

ठिपका पोलिसांना दाखवायचा. पण त्याआधी फिर्याद नोंदलेली हवी. हद्दीचा प्रश्न आला तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, जवळच्या ठाण्याला माहिती नोंदवून घ्यावी लागते. माहिती मोबाईल वा संगणकावरूनही देता येते, मात्र तीन दिवसांत सही करावी लागते. नोंदलेल्या फिर्यादीची प्रत विनामूल्य मिळते, ती मागून घ्यावी. नोंद घेण्यास नकार मिळाला तर त्याच कलमाखाली पोलीस अधीक्षकांकडे लेखी जाता येते.

“दोन दिवस शोधू, मग बघू” असे म्हणून फिर्याद लांबवणे आमच्या समाजात फार आढळते. पोलीस ठाण्याची पायरी चढायला माणूस कचरतो, हे आम्हाला समजते. तरी १० जुलै २०१४ ची हकीकत आठवावी. पुण्यात फरासखाना पोलीस ठाण्याच्या आवारात स्फोट झाला, तो मोटारसायकलीत ठेवलेल्या बॉम्बचा. ती मोटारसायकल साताऱ्यातून चोरीस गेलेली होती आणि तिचा मूळ मालक स्वतः पोलीस खात्यातला होता. चोरीची गाडी कोणत्या कामाला लागेल हे कोणाच्या हाती नाही. पोलीस प्रथम नंबरप्लेटवरून मालकाच्या दारी येतात. त्या वेळी त्याच्या खिशात फिर्यादीची प्रत असणे आणि नसणे, यात किती अंतर आहे हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

आता खऱ्या अडचणीकडे येऊ. गाडी सापडली की ती लगेच मालकाच्या हाती येत नाही. ती मुद्देमाल होते. पंचनामा होतो, गाडी ठाण्याच्या आवारात लागते आणि ती सोडवण्यासाठी न्यायालयात अर्ज करावा लागतो. सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या २००२ सालच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की जप्त वाहने ठाण्यात दीर्घकाळ सडवू नयेत, योग्य ते बंधपत्र व हमी घेऊन सोडावीत. नव्या संहितेच्या कलम ४९७ मध्येही यासाठी मुदती घातल्या आहेत. कायदा मालकाच्या बाजूचा आहे. पण मालक म्हणजे कोण? ज्याच्या नावावर आर.सी. आहे तो.

आणि इथेच आमचे निम्मे कारागीर अडकतात. गाडी घेतलेली असते सेकंडहँड, तीही तिसऱ्या-चौथ्या हातची. पैसे रोख दिलेले, टी.टी. फॉर्मवर कोणाची तरी सही घेतलेली, आणि तो फॉर्म डिक्कीतच ठेवलेला, म्हणजे गाडीबरोबर तोही गेला. आर.सी. वर नाव चाकणच्या नाहीतर श्रीगोंद्याच्या अशा माणसाचे, ज्याला या गाडीची आठवणही उरलेली नाही. दोन हजारांचे यंत्र गाडीचा अचूक पत्ता सांगेल, पण न्यायालयापुढे गाडी आपली आहे हे यंत्र सांगू शकत नाही. विकत घेतलेली गाडी तीस दिवसांच्या आत आपल्या नावावर करण्याचा अर्ज देणे मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५० प्रमाणे खरेदीदाराचे काम आहे. आमचे म्हणणे असे की ज्यांच्या नावावर गाडी नाही त्यांनी यंत्राचे पैसे आधी आर.टी.ओ.च्या कामाला लावावेत आणि यंत्र पुढच्या महिन्यात घ्यावे. आर.सी.ची, विम्याची, यंत्राच्या बिलाची आणि सिम नंबरची एकेक प्रत घरच्या कपाटात असावी.

विम्याबद्दलही गैरसमज आहे. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. त्यामुळे “माझा विमा चालू आहे” असे पुष्कळांना वाटते. थर्ड पार्टीत चोरीची भरपाई मिळत नाही. त्यासाठी स्वतःच्या नुकसानीचा भाग वेगळा चालू ठेवावा लागतो. काही बांधव सक्तीच्या विम्यापलीकडे विमा घेणे आपल्या श्रद्धेत बसत नाही म्हणून टाळतात. त्यांच्यासाठी यंत्राचे महत्त्व अर्थातच अधिक आहे.

शेवटी आमच्या गॅरेजवाल्या, वायरिंगवाल्या आणि भंगारवाल्या बांधवांसाठी. यंत्रे वाढतील तशी ती काढून घ्यायलाही माणसे तुमच्याकडेच येतील. अनोळखी माणूस गाडी घेऊन आला आणि “सीटखालची ही वायर कसली आहे, काढून टाक” म्हणाला, तर आधी आर.सी. मागावी आणि चासी नंबर ताडून पाहावा. कागद नाहीत म्हणाला तर काम करू नये आणि गाडीचा नंबर जवळच्या ठाण्यात कळवावा. चोरीचा माल जाणून घेणे वा ठेवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. यंत्राचा शेवटचा ठिपका तुमच्या गॅरेजवर थांबलेला असेल तर “मला माहीत नव्हते” हे सिद्ध करता करता तुमचे दुकान महिनोन् महिने बंद राहील. दुकानात एक साधी वही ठेवा आणि तीत आलेल्या गाडीचा नंबर, आणणाऱ्याचे नाव, मोबाईल, काम आणि तारीख लिहीत जा. जुने सुटे भाग घेतानाही विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत त्या वहीत लावून ठेवा.