बैल गेला नि झोपा केला!

आपल्या पूर्वजांनी गृहव्यवस्थेचे जे शहाणपण म्हणींत साठवून ठेवले, त्यात ‘बैल गेला नि झोपा केला’ या म्हणीचे स्थान मोठे आहे. झोपा म्हणजे गोठ्याचे कुडाचे दार. शेतकऱ्याचे सारे चल धन गोठ्यात उभे असे. तरीही त्या गोठ्याला धड दार बसविण्याची बुद्धी त्याला बैल गेल्यानंतर होई, हाच या म्हणीतला बोचरा विनोद! आज गोठे ओस पडले आणि त्यांच्या जागी मोटारीची गॅरेजे उभी राहिली. बैल गेले, मोटारी आल्या. पण झोपा करण्याची वेळ मात्र आम्ही बदलली नाही. घरफोडी होते, पंचनामा होतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कुलपाच्या दुकानाची पायरी चढली जाते.

पनवेल-रोहा रेल्वेमार्गावर आपटा आणि हमरापूर यांच्या मध्ये जिते नावाचे लहानसे स्थानक आहे. पेण तालुक्याचा हा परिसर मुंबईकरांना गणेशमूर्तींमुळे परिचित. २०२४ च्या जानेवारीत शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू खुला झाला आणि हा सारा टापू मुंबईच्या अधिकच निकट आला. भातखाचरांच्या कडेला शनिवार-रविवारपुरती टुमदार घरे उभी राहिली. घरांपुढे गॅरेज, गॅरेजला लोखंडी शटर, शटरला एक कुलूप. आणि मालक सोमवारी पहाटे मुंबईला! आठवड्याचे पाच दिवस आणि पावसाळ्याचे कित्येक आठवडे त्या वास्तूचे रक्षण कोण करते? ते एकटे, खाऱ्या हवेने गंजलेले कुलूप!

नवल असे की, हाच गृहस्थ घराच्या मुख्य दाराविषयी विलक्षण दक्ष असतो. सागवानी चौकट, पितळी कड्या, बाहेरून जाळीचे दुसरे दार, आत साखळी. काही म्हणून उणे नसते. गॅरेजच्या बाबतीत मात्र ‘तिथे आहे काय, जुनी गाडी नि अडगळ!’ असे म्हणून तो मोकळा होतो. पण त्या अडगळीत काय काय असते? शिडी असते, पहार असते, कोयता असतो, पाने आणि हातोडे असतात. चोराने जी हत्यारे खांद्यावर वाहून आणायची, ती यजमानानेच त्याच्यासाठी मांडून ठेवलेली असतात. शिवाय गॅरेजातून स्वयंपाकघरात उघडणारे एक दार असते. ते हलक्या फळीचे, एका कडीवर टेकलेले. शटर एकदा उचकटले, की आत शिरलेल्या माणसाला आडोसा मिळतो. रस्त्यावरून कोणाला काही दिसत नाही, आणि मग ते आतले दार त्याला सावकाश, निर्धास्तपणे फोडता येते.

या बाबतीत कायदा गृहस्थापेक्षा अधिक सुज्ञ ठरला आहे. १८६० च्या दंडसंहितेने घरफोडीचे सहा प्रकार सांगितले होते. कुलूप उघडून केलेला प्रवेश हा त्यांतलाच एक. त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात असे म्हटले होते की, घरासोबत वापरात असलेली जी जोडइमारत आतील वाटेने घराशी थेट जोडलेली असेल, ती घराचाच भाग मानावी. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३३० व्या कलमातही हे तत्त्व कायम आहे. सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी चोरीच्या हेतूने केलेल्या घरफोडीस चौदा वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. म्हणजे कायदा गॅरेजला घर समजतो; घरधनी तेवढा समजत नाही! आणि शिक्षा कितीही कठोर असली, तरी ती चोरीनंतरची गोष्ट आहे. कलमाला कडीकोयंड्याचे काम करता येत नाही.

मग करावे काय? ‘चोराच्या वाटा चोराला ठाऊक’ हे खरे. पण घरधन्याने त्या जाणून घेऊ नयेत असे थोडेच आहे? गुंडाळले जाणारे शटर दिसते भक्कम. परंतु ते पातळ पट्ट्या एकमेकींत अडकवून केलेले असते. त्याचे मर्म तळाशी आहे. मधोमध एकच कुलूप असेल, तर खालच्या कोपऱ्यात पहार घालून पट्ट्या वाकविणे सोपे जाते. यास्तव तळपट्टीला दोन्ही टोकांस कुलपे असावीत आणि त्यांचे अडसर जमिनीतील काँक्रीटमध्ये पुरलेल्या लोखंडात शिरावेत. ज्या उभ्या खाचांतून शटर सरकते, त्या खाचा नुसत्या गिलाव्यात चार स्क्रूंनी बसविलेल्या नसाव्यात. भिंतीच्या गाभ्यापर्यंत जाणाऱ्या बोल्टांनी त्या आवळलेल्या असाव्यात. शटर रुंद असेल, तर मध्ये काढता-घालता येणारा खांब हवा. कुलूप असे निवडावे की ज्याची कडी झाकलेली राहते व करवतीला सापडत नाही. मुंबईत अर्देशीर गोदरेज यांनी कुलपांचा कारखाना काढला तो १८९७ साली. म्हणजे उत्तम कुलपाची परंपरा आपल्या घरचीच आहे. मात्र उत्तम कुलूप निकृष्ट कोयंड्यात अडकविणे म्हणजे राजमुकुट गवताच्या पुतळ्याला घालणे होय. गॅरेजला लाकडी दारे असतील, तर बिजागऱ्या बाहेरच्या अंगाला नसाव्यात आणि कोयंड्याचे बोल्ट आतून आवळलेले असावेत.

विजेवर चालणाऱ्या दारांनी प्रश्न सुटला, असे मानणारांनाही एक गोष्ट सांगितली पाहिजे. जुन्या यंत्रांत उघडण्याचा संकेत नेहमी एकच असतो व तो टिपून घेता येतो. प्रत्येक वेळी संकेत बदलणारे यंत्रच घ्यावे. वीज गेल्यावर हाताने दार उघडण्याची जी सोय असते, तिच्यापर्यंत बाहेरून हात पोहोचू नये. दीर्घकाळ बाहेर राहावयाचे असल्यास यंत्राचा वीजपुरवठा तोडून साधे कुलूप लावावे. आणि सर्वांत मुख्य म्हणजे, गॅरेजातून घरात उघडणारे दार मुख्य दारासारखेच दणकट असावे. जुन्या कोकणी घरांच्या दारांमागे भिंतीतल्या भोकातून ओढून घ्यावयाचा लाकडी अडसर असे. त्याला तोड आजही नाही.

यावर कोणी म्हणेल, ‘ज्याला फोडायचे तो काहीही फोडील.’ म्हणेना का! जगात न फुटणारे दार नाहीच. दाराचे काम चोराला कायमचे थोपविणे नव्हे. त्याचा वेळ घेणे आणि त्याला आवाज करावयास लावणे, हे आहे. पण तो आवाज ऐकावयास कोणी हवे ना? येथेच खरी मेख आहे. जुन्या गावगाड्यात गावाचा जागल्या असे, रामोशी असे. चोराच्या पावलांचा माग गावाच्या शिवेपर्यंत काढण्याची जबाबदारी त्याच्यावर असे. ती व्यवस्था गेली. १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमाखाली गावात पोलीस पाटील आहे. पण आठवडाअखेर येणाऱ्या किती जणांना त्याचे नाव ठाऊक आहे? याच परिसरात मूर्तिकारांच्या शेडी पाहाव्या. बांबू, पत्रा आणि प्लास्टिकचा कागद, एवढाच त्यांचा तट. पण गणपती जवळ आले की तेथे रात्री उशिरापर्यंत दिवे जळतात, माणसे जागी असतात. बंद बंगल्याच्या दगडी भिंतीला जे साधत नाही, ते तेथे माणसांच्या वावराने साधते.

एका गोष्टीविषयी मौन पाळणे आम्हांस अप्रामाणिकपणाचे वाटते. असा बंगला फुटला की संशयाचे पहिले बोट बहुधा जवळच्या कातकरी वाडीकडे वळते. ज्याने त्या घराचा पाया खणला, बागेला पाणी घातले, त्याचीच झडती आधी व्हावी अशी कुजबूज सुरू होते. काही जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारणारा १८७१ चा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. सुशिक्षितांच्या मनातून तो अद्याप रद्द झालेला नाही! चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा हा प्रकार आहे. म्हणून आम्ही म्हणतो की, स्वतःच्या गॅरेजला नीट कुलूप घालणे ही केवळ मालमत्तेची काळजी नव्हे. ते शेजारधर्माचे कर्तव्य आहे. तुमच्या दोन पैशांच्या आळसाचा दंड दुसऱ्या निरपराध माणसाने भरावा, हे कोणत्या न्यायात बसते?

घरे बांधून विकणारांनी शटर हा शोभेचा पत्रा समजू नये. खरेदीदारांनी फरशीच्या रंगाइतकीच चौकशी त्याच्या खाचांची व कुलपांची करावी. ग्रामपंचायतींनी वाटांवरचे दिवे चालू ठेवावेत. विमा उतरविणारांनी, घर किती दिवस बंद राहिल्यास भरपाई नाकारली जाते, ती अट आधी वाचावी. चोरी झालीच, तर कोणत्याही पोलीस ठाण्यात खबर देता येते, इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते; मात्र तशी दिल्यास तीन दिवसांत सही केली पाहिजे, हे ध्यानात असावे. आणि पुढल्या शनिवारी गावी जाल, तेव्हा दोन कामे करा. शटरच्या तळाशी वाकून पाहा, आणि शेजारच्या घरी जाऊन चहा घ्या. गॅरेजला पहिल्याची गरज आहे; गावाला दुसऱ्याची. बैल अजून गोठ्यात आहे, तोवरच झोपा करावा.