धाऱ्याचे पाणी कोणाचे?

भारतीय साहित्यातील पाण्याचा विचार करताना आपली दृष्टी प्रायः दोन ठिकाणी स्थिरावते. एक नदी आणि दुसरी विहीर. नदी पुराणांची व स्तोत्रांची, विहीर वास्तववादी कथेची. या दोहोंखेरीज एक तिसरे पाणी आहे. डोंगराच्या कुशीतून रस्त्याच्या कडेला उतरणारे, कोणी न खोदलेले, झऱ्याचे पाणी. या पाण्याकडे साहित्याच्या अभ्यासकांनी फारसे पाहिलेले नाही. ते पाहणे आता आवश्यक झाले आहे, असे माझे मत आहे.

कुमाऊँ-गढवालच्या घाटरस्त्यांवर हे पाणी दोन रूपांनी भेटते. दगडी मुखातून वा साध्या नळीतून कोसळते तो ‘धारा’, आणि जमिनीतून पाझरून पायऱ्यांच्या, छप्पर घातलेल्या छोट्या दगडी कुंडात साठतो तो ‘नौला’. धाऱ्यापाशी आजही स्त्रिया गगऱ्या भरतात आणि जाणारे-येणारे गाडी थांबवून कॅन भरून नेतात. नवी सून घरात आली म्हणजे तिला नौल्याच्या वा धाऱ्याच्या पूजेला नेण्याची चाल तिकडे आहे. ज्या पाण्यावर पुढचे आयुष्य काढायचे, त्याची ओळख करून देण्याचाच हा विधी. काश्मीरात झऱ्याला ‘नाग’ म्हणतात. अनंतनाग, वेरीनाग, कोकरनाग ही गावांची नावे त्याची साक्ष देतात. तमिळमध्ये डोंगरातील झऱ्याला ‘सुनै’ हा जुना शब्द आहे, तर नेपाळीत पाणवठ्याला ‘पँधेरो’ म्हणतात. मराठीने तर झऱ्याला अंतःकरणातच नेऊन बसविले आहे. ‘पाझर फुटणे’ आणि ‘उमाळा येणे’ हे दोन्ही प्रयोग मूळचे भूमीतून निघणाऱ्या पाण्याचे. विहिरी, आड आणि बारवांवर जगणाऱ्या पठारी समाजाच्या भाषेने करुणेसाठी झऱ्याचेच शब्द निवडावेत, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

मग आधुनिक साहित्याने विहीरच का निवडली? विहिरीला मालक असतो, हे त्याचे उघड कारण. जेथे मालकी तेथे मज्जाव, आणि जेथे मज्जाव तेथे कथा. प्रेमचंदांच्या ‘ठाकूर का कुआँ’ (1932) मधील गंगी आजारी नवऱ्यासाठी रात्री चोरपावलांनी ठाकुराच्या विहिरीवर जाते आणि रिकाम्या हातांनी पळून येते. रवींद्रनाथांच्या ‘चंडालिका’ (1933) मध्ये भिक्षू आनंद प्रकृतीच्या हातचे पाणी पितो आणि तेवढ्याने तिचे जग पालटते. मुल्कराज आनंदांच्या ‘अनटचेबल’ (1935) मधील सोहिनी कोणी तरी आपल्या घागरीत पाणी ओतील म्हणून विहिरीशी ताटकळत उभी राहते. तिन्ही भाषा निराळ्या, प्रश्न एकच.

यावरून झऱ्याचे पाणी मात्र सर्वांना मोकळे होते असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो भाबडेपणा ठरेल. मालक नसलेल्या पाण्यालाही समाजाने पहारेकरी नेमले होते. कुमाऊँत सवर्णांचे नौले निराळे आणि शिल्पकारांचे निराळे, अशी विभागणी होती. निसर्गाने दिलेले पाणी आपोआप सार्वजनिक होत नाही; ते सार्वजनिक करावे लागते. महाराष्ट्राला हे सांगण्याची गरज नसावी. मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव 1923 साली संमत झाला, महाडच्या नगरपालिकेने आपले तळे खुले केल्याचे जाहीर केले, तरीही चवदार तळ्याचे पाणी प्राशन करण्यासाठी 20 मार्च 1927 चा सत्याग्रह करावा लागला. पुढचा वाद न्यायालयात गेला, आणि अस्पृश्यांना वगळण्याची चाल अनादी असल्याचे सिद्ध होत नाही, हा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाकडून येण्यास 1937 साल उजाडले. संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात विहिरी, तलाव, स्नानघाट व रस्ते यांचा उल्लेख आला तो या इतिहासामुळेच.

त्या यादीत झऱ्याचे नाव नाही. सार्वजनिक राबत्याच्या जागांत त्याचा समावेश होईल, हे खरे. तथापि झऱ्याची अडचण वेगळीच आहे. त्याचे मुख रस्त्यावर असते, पण मूळ वरच्या उतारावर, आणि खडकांच्या थरांचा कल तसा असेल तर डोंगराच्या पलीकडच्या अंगालाही. तेथे पाऊस मुरतो म्हणून येथे धारा वाहतो. 1882 च्या सुविधाधिकार अधिनियमाप्रमाणे निश्चित प्रवाहाने न वाहणारे भूमीखालचे पाणी आपल्या हद्दीत अडविण्याचा व वापरण्याचा अधिकार भूधारकाला आहे. म्हणजे मुख सर्वांचे, मूळ एकाचे. रस्ता रुंद करण्यासाठी कापलेला डोंगर, वर बांधलेले विश्रामगृह, त्याचा शोषखड्डा, यांपैकी कोणतीही गोष्ट धारा आटविण्यास वा दूषित करण्यास पुरेशी असते. आणि तो मज्जाव कोणाच्या डोळ्यांना दिसतही नाही. हिमालयातील जवळजवळ निम्मे झरे आटत चालले आहेत, असे नीती आयोगाच्या 2018 च्या अहवालात नमूद आहे.

घरोघर नळ आला तर स्त्रियांच्या डोक्यावरील भार उतरेल, आणि त्याचे स्वागतच केले पाहिजे. पाणवठ्यावरील गप्पांच्या काव्यासाठी कोणी मैलभर चढण चढावी, असे म्हणण्याचा अधिकार आपणांस नाही. परंतु डोंगरातील अनेक नळयोजना अखेर झऱ्यावरच अवलंबून असतात. झरा आटला की नळही कोरडा. सिक्कीमने 2008 पासून ‘धारा विकास’ योजनेत उतारांवर चर खणून पाणी मुरविले. त्यासाठी पुण्याच्या ‘ॲक्वाडॅम’ संस्थेतील भूजलतज्ज्ञांचे साहाय्य झाले. आटलेला झरा परत वाहू शकतो, हे तेथे दिसून आले.

आटलेला शब्द मात्र असा परत आणता येत नाही. म्हणून आपल्या विद्यापीठांतील भाषाविभागांनी एक काम अंगावर घ्यावे. प्रत्येक भाषेतील पाणवठ्यांची नावे, तेथील विधी, गाणी आणि पाळीचे नियम नोंदवावेत. आणि त्याच नोंदीत तेथे कोणाला येऊ दिले जात नव्हते, हेही निर्भीडपणे लिहावे. पहिली नोंद नसेल तर संस्कृती हरवेल, दुसरी नसेल तर ती खोटी ठरेल.