मोटारींची नोंद आणि माणसांचा माग

अमेरिकेतील टेक्सस राज्याची राजधानी ऑस्टिन. रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक मोटारीची नंबरप्लेट आपोआप वाचणारे कॅमेरे तेथील पोलिसांनी मार्च २०२४ मध्ये प्रायोगिक तत्त्वावर सुरू केले होते. जून २०२५ मध्ये ते पुढे चालू ठेवण्याचा प्रस्ताव नगर परिषदेपुढे आला, तेव्हा नागरिकांनी असा विरोध केला की प्रशासनाला तो मागे घ्यावा लागला. महिनाअखेर प्रयोगही संपला. घटना दूरदेशीची खरी. परंतु मुंबई-पुण्याच्या वाचकाने ती बारकाईने पाहावी असे आम्हांस वाटते.

पोलिसांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. चोरीस गेलेली मोटार, पळवून नेलेले मूल, पादचाऱ्यास उडवून पसार झालेला चालक यांचा शोध या यंत्राने लवकर लागतो, हे कोणी नाकारू नये. प्रश्न आहे तो उरलेल्यांचा. हे यंत्र चोराची गाडी तेवढी टिपून थांबत नाही; ते सर्वांना टिपते. कॅलिफोर्नियाच्या राज्य लेखापरीक्षकांनी २०२० मध्ये तपासणी केली, तेव्हा एकट्या लॉस एंजेलिसच्या पोलिसांपाशी बत्तीस कोटींहून अधिक छायाचित्रे साठली होती आणि त्यांपैकी ९९.९ टक्के गाड्या छायाचित्र घेतेवेळी कोणत्याही संशयितांच्या यादीत नव्हत्या. उद्या प्रत्येक नाक्यावर हवालदार बसवून येणाराजाणारा कोण, किती वाजता गेला, हे वहीत लिहून ठेवण्याचा हुकूम निघाला, तर आपण काय म्हणू? कॅमेरा तेच काम करतो, फक्त त्याची खुर्ची दिसत नाही.

शिवाय यंत्र चुकते. सॅन फ्रान्सिस्कोत २००९ मध्ये त्याने ३ हा आकडा ७ वाचला आणि एका निरपराध स्त्रीवर पोलिसांनी बंदुका रोखल्या. कोलोरॅडोतील ऑरोरा शहरी २०२० मध्ये परराज्यातील चोरीच्या मोटारसायकलीचा क्रमांक एका मोटारीशी जुळला, एवढ्यावरून एक स्त्री व तिच्यासोबतच्या चार मुली यांना जमिनीवर पालथे झोपवण्यात आले. त्यांतील धाकटी सहा वर्षांची होती. शहराने पुढे १९ लाख डॉलर भरपाई दिली.

आणि चूक नसली तरी हेतू पालटतो. टेक्ससमधीलच एका काउंटीच्या पोलिसांनी २०२५ मध्ये गर्भपात केलेल्या एका स्त्रीच्या शोधासाठी देशभरच्या कॅमेऱ्यांची माहिती चाळली. तिच्या सुरक्षिततेच्या काळजीने, असा त्यांचा खुलासा होता! मोटारचोरांसाठी म्हणून बसवलेले यंत्र कोठवर पोहोचते, ते यावरून दिसावे. म्हणूनच माहिती किती काळ ठेवायची यावर तेथे एवढा खल होतो. ऑस्टिनने सात दिवसांची मर्यादा घातली होती. न्यू हॅम्पशायर राज्याचा कायदा, गाडी संशयित नसेल तर, तीन मिनिटांत नोंद पुसावयास लावतो.

आता आपल्याकडे वळू. २००८ च्या हल्ल्यानंतर प्रधान समितीने मुंबईत कॅमेऱ्यांची शिफारस केली आणि २०१६ पर्यंत सुमारे ४,७०० कॅमेरे उभे राहिले. क्रमांक वाचणारे कॅमेरेही त्यांत आले. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ पासून असेच कॅमेरे वेगाचा दंड आकारतात. त्या मार्गावरील अपघात पाहता आम्ही त्यांस विरोध करणार नाही. पण दंडाची पावती फाडून झाल्यावर, आणि ज्यांना दंडच झाला नाही त्यांच्या नोंदींचे काय होते? सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ च्या विदासंरक्षण कायद्यात मात्र सरकारी यंत्रणांना सूट देण्याचा अधिकार केंद्राने स्वतःकडे राखून ठेवला आहे.

ऑस्टिनच्या नागरिकांना निदान विचारण्यात तरी आले. येथे गृहखात्याने पुढच्या अधिवेशनात विधिमंडळापुढे तीन गोष्टी ठेवाव्यात: नोंदी किती दिवस राहतात, त्या पाहण्याचा अधिकार कोणत्या दर्जाच्या अधिकाऱ्यास आहे, आणि प्रत्येक शोधाचे कारण कोठे लिहिले जाते. यातील एकही उत्तर दिल्याने कोणा चोराचे फावण्याचे कारण नाही.