गळते तेल आणि मुरणारे विष

पुणेकरांच्या तोंडी खडकवासल्याचे नाव येते ते बहुधा दोन प्रसंगी. पावसाळ्यात धरण किती भरले याची चौकशी होते आणि उन्हाळ्यात पाणीकपातीची चर्चा होते. एकोणिसाव्या शतकात बांधलेले हे धरण १२ जुलै १९६१ रोजी पानशेतच्या लोंढ्यापुढे टिकले नाही. ते पुन्हा उभे राहिले आणि आजही शहराची तहान भागवून दौंड-इंदापूरच्या शेतीला पाणी पुरवीत आहे. पाणी किती आहे, हा प्रश्न आपण नित्य विचारतो. ते कसे आहे, हा प्रश्न मात्र माणसे आजारी पडल्यावाचून आपल्याला सुचत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये तो विचारावा लागला. नांदेड, किरकटवाडी, धायरी या सिंहगड रस्त्यावरील वस्त्यांत ‘गीयाँ-बारे’ या मज्जातंतूंच्या विकाराचे रुग्ण आढळू लागले आणि संशयाची सुई दूषित पाण्याकडे वळली. तो प्रश्न जंतूंचा होता, तेलाचा वा रसायनांचा नव्हता, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. परंतु त्यातून एक गोष्ट उघड झाली. धरणाच्या पायथ्याशी राहूनही या गावांना विहिरी, कूपनलिका आणि टँकर यांचा आधार सुटलेला नाही. ज्या भूजलावर माणसे अवलंबून आहेत, त्या भूजलावरील जमिनीत काय मुरते आहे, याची नोंद आपल्याकडे आहे काय?

धायरी-नऱ्हे परिसरात लहान कारखाने व यंत्रशाळा वर्षानुवर्षे चालत आल्या आहेत. लेथ चालवायचे तर शीतक तेल लागते, वाहन दुरुस्त करायचे तर जुने वंगण काढावे लागते, धातूला मुलामा द्यायचा तर आम्ले व जड धातूंचे क्षार आलेच. यांपैकी कोणताही उद्योग गुन्हा नव्हे. त्यावर हजारो घरांच्या चुली पेटतात. प्रश्न उरलेल्या तेलाचा व गाळाचा आहे. काळे तेल मागच्या अंगणात ओतले की ते नाहीसे झाले असे वाटते. वस्तुतः ते जमिनीत उतरते. आपल्या काळ्या कातळात पाणी वाळूतल्यासारखे सर्वत्र सारखे पसरत नाही. ते भेगांतून वाट काढते. तेलही त्याच वाटेने जाते. म्हणून एका विहिरीला वास येतो आणि शेजारची स्वच्छ राहते, आणि दोष नेमका कोणाचा हे ठरविणे अवघड होऊन बसते. काही लिटर जुने वंगण लाखो लिटर पाणी पिण्यास निरुपयोगी करू शकते, हे लक्षात घेतले म्हणजे या हलगर्जीपणाची किंमत कळते.

घाण करण्यास एक दिवस पुरतो, ती काढण्यास पिढी जाते, याचे दाखले दूर शोधावयास नकोत. न्हावा-शेवा बंदरात वंगणतेलाच्या नावाखाली आयात केलेले टाकाऊ, घातक तेल १३३ कंटेनरांत पडून राहिले होते. अखेर जानेवारी २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते आयातदारांच्या खर्चाने जाळून नष्ट करण्याचा आदेश दिला. राजस्थानातील बिछडी गावच्या विहिरी रासायनिक कारखान्यांच्या गाळाने नासल्या. ‘जो प्रदूषण करील तो भरील’ हे तत्त्व त्याच खटल्यात १९९६ साली न्यायालयाने ठामपणे मांडले. तरीही पैसे भरण्याची टाळाटाळ इतकी लांबली की २०११ साली न्यायालयाला व्याजासह वसुलीचा हुकूम पुन्हा द्यावा लागला. भोपाळची कथा तर सर्वश्रुत आहे. १९८४ च्या दुर्घटनेनंतर तेथील कचरा मध्यंतरी नागपूरजवळ जाळावा असे ठरले, तेव्हा महाराष्ट्राने विरोध केला. दुसऱ्याचे विष आपल्या दारी नको, ही भावना समजण्याजोगी होती. शेवटी जानेवारी २०२५ मध्ये ३३७ टन कचरा पीथमपूरला हलविण्यात आला आणि त्याच वर्षी जाळला गेला. चाळीस वर्षांनंतर झालेले हे काम गोळा करून ठेवलेल्या कचऱ्यापुरतेच होते. जमिनीत मुरलेल्या विषाचा प्रश्न त्याने सुटला नाही.

या पार्श्वभूमीवर केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये दूषित स्थळांच्या व्यवस्थापनासाठी स्वतंत्र नियम जारी केले, ही स्वागतार्ह गोष्ट होय. जिल्हा प्रशासनाने संशयित जागांची माहिती दर सहा महिन्यांनी द्यावी, राज्य मंडळाने ठराविक मुदतीत तपासणी करावी, दोषी व्यक्तीने शुद्धीकरणाचा खर्च सोसावा आणि तो सोसणारा कोणी नसेल तर केंद्र व राज्य यांनी भार उचलावा, अशी त्यांची रचना आहे. नियम आले त्या वेळी देशभर अशी १०३ स्थळे निश्चित झाली होती आणि प्रत्यक्ष काम सुरू झाले होते अवघ्या सात ठिकाणी. दोष नियमांच्या तुटवड्याचा नाही, हे यावरून दिसते. घातक कचऱ्याविषयीचे नियम आपल्याकडे १९८९ पासून आहेत.

येथे एक आक्षेप घेतला जाईल. चार कामगारांच्या बळावर चालणाऱ्या यंत्रशाळेच्या मालकाने हा खर्च कोठून आणावा? आक्षेप खोटा नाही. रांजणगावला घातक कचऱ्याच्या विल्हेवाटीचे केंद्र आहे. पण दोन पिंप तेलासाठी तेथवर वाहन पाठविणे लहान उद्योजकाला परवडणारे नाही. अशा माणसाला केवळ दंडाची भीती दाखविली तर तो तेल रात्री ओतील, इतकेच. १ एप्रिल २०२४ पासून वापरलेल्या तेलाची जबाबदारी ते तयार करणाऱ्या व आयात करणाऱ्या कंपन्यांवरही टाकण्यात आली आहे. तेव्हा जुने तेल गोळा करणारे केंद्र प्रत्येक औद्योगिक वस्तीजवळ, नाममात्र दरात किंवा मोबदला देऊन चालविणे अशक्य नाही. सोय उपलब्ध करून दिल्यानंतरही जो ओतील, त्याची मात्र गय करू नये.

दुसरी गोष्ट याहून तातडीची आहे. २०२१ साली खडकवासला, नांदेड, किरकटवाडी ही गावे पालिकेच्या हद्दीत आली आणि या पट्ट्यात इमारतींची गर्दी वाढली आहे. जेथे काल यंत्रशाळा होती तेथे उद्या सदनिका उभ्या राहतील, आणि एखादा शिक्षक वा कारकून आयुष्याची पुंजी घालून त्यांतील एक घेईल. त्याच्या कूपनलिकेखाली काय आहे, हे त्याला कोण सांगणार? कारखान्याच्या जुन्या जागेवर बांधकामाची परवानगी देण्यापूर्वी माती व पाणी तपासून अहवाल जाहीर करणे सक्तीचे असावे, अशी आमची मागणी आहे. दूषित माती वेळीच खोदून काढता येते. त्यावर इमारत उभी राहिली की बैल गेला आणि झोपा केला, अशी अवस्था होते.

संशयित जागांची यादी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या कपाटात न राहता प्रभाग कार्यालयाच्या फलकावर मराठीतून लागली पाहिजे. शाळा-महाविद्यालयांतील विज्ञानाचे शिक्षक विद्यार्थ्यांकडून आपल्या परिसरातील विहिरींची साधी नोंद ठेवून घेऊ शकतात: कोणत्या विहिरीवर तवंग दिसतो, कोणत्या पाण्याला वास येतो, केव्हापासून. अशी नोंद प्रयोगशाळेची जागा घेणार नाही. परंतु तपासणी कोठून सुरू करावी, हे ती सांगू शकेल. जमिनीखाली मुरलेले तेल तक्रार करीत नाही. ते वर्षानुवर्षे गप्प राहते, आणि त्याच्या वतीने कोणीतरी बोलेपर्यंत आपले पाणी नासवीत राहते.