गेल्या वर्षीचा शेरा

जून उजाडला की वर्ग बदलतात आणि हजेरीपटाबरोबर शिक्षकांच्या खोलीत आणखी एक गोष्ट हातोहात सोपवली जाते. ‘तो मागच्या बाकावरचा ना? त्याच्याकडून काही व्हायचं नाही!’ मुलाने वर्गात पाऊल टाकण्याआधीच त्याचा निकाल लागलेला असतो.

रॉबर्ट रोझेन्थाल आणि लिनोर जेकबसन यांनी अमेरिकेतील एका प्राथमिक शाळेत नेमके उलटे केले. सुमारे २० टक्के मुले यंदा चमकतील, असे त्यांनी शिक्षकांना सांगितले. खरे तर ती मुले कशीही निवडलेली होती. तरीही वर्षअखेर पहिली-दुसरीतल्या त्या मुलांचा बुद्ध्यंक इतरांपेक्षा अधिक वाढलेला आढळला. १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांवर पुढे बराच वाद झाला. पण शिक्षकाची अपेक्षा मुलापर्यंत पोचते, हा मुद्दा उरलाच.

आपल्याकडे शेरा कधी कधी आडनावातूनच येतो. गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली रद्द झाला. पण वर्गात पेन हरवल्यावर नजर आधी पारध्याच्या मुलाकडे वळणार असेल, तर तो कायदा त्या वर्गापुरता जिवंतच आहे, असे मी म्हणेन.

आधीच्या शिक्षकांना काही विचारूच नये, असे नाही. मुलाला फळा नीट दिसत नाही, घरी आई आजारी आहे, हे कळायलाच हवे. माहिती जरूर घ्यावी, निकाल घेऊ नये. जूनमध्ये मुले कोऱ्या वह्या घेऊन येतात. गुरुजींनी आणि बाईंनीही एक आणावी.