सभेतली मागची खुर्ची

महिन्यातून एक दिवस वडील दुकान लवकर बंद करून छावणी परिषदेच्या सभेला जाऊन बसायचे. ते मेंबर नव्हते, ठेकेदार नव्हते, कुठल्या पक्षाचे कार्यकर्तेही नव्हते. शिलाईचं छोटं दुकान, एवढाच पसारा. पण छावणीच्या कायद्यानुसार सभा लोकांसाठी खुली असते आणि ती बंद दाराआड घ्यायची तर अध्यक्षांना तसं कारण इतिवृत्तात नोंदवावं लागतं, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. त्यांनी ते मनावर घेतलं. रात्री आई ताट वाढताना विचारायची, "काय झालं हो आज?" आणि ते एकेक विषय सांगायचे. अमक्या गल्लीतली नाली. तमक्याचा घरदुरुस्तीचा अर्ज. दवाखान्याची औषधखरेदी. बाजारवसुलीचा ठेका. आम्हा भावंडांना कंटाळा यायचा. आज वाटतं, राज्यकारभार म्हणजे काय याचा पहिला धडा आम्हाला त्या ताटावर मिळाला.

छत्रपती संभाजीनगर शहरातल्या आमच्या नातेवाइकांना छावणी म्हणजे मिलिटरी, एवढंच माहीत. खाम नदीच्या अलीकडे मोठी झाडं, लांबलचक भिंती आणि नगर नाक्यापर्यंत जाणारा रस्ता. या भिंतींच्या आडोशाने जी साधी वस्ती आहे, ती नजरेतून सुटते. निजामाच्या राज्यात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची हैदराबाद कंटिंजंट इथे होती. तिच्या खर्चापोटी १८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाच्या हातून गेला आणि १८५७ च्या जूनमध्ये याच फौजेतल्या घोडदळाने बंड केलं. इतिहास तेवढा सांगतो. पण फौज आली की तिच्यामागे शिंपी येतो, धोबी येतो, मोची येतो, पाव भाजणारा येतो. पलटणी बदलतात आणि ही माणसं तिथेच राहतात. आम्ही त्यांचेच.

या माणसांचा रोजचा कारभार छावणी परिषद पाहते. सरकारी कागदावर तिचं नाव कटक मंडळ, बोलताना कॅन्टोन्मेंट. २००६ च्या कायद्याने १९२४ चा जुना कायदा गेला, तरी चौकट तीच राहिली. स्टेशनचे लष्करी प्रमुख पदसिद्ध अध्यक्ष, मुख्य कार्यकारी अधिकारी सचिव. आमच्याएवढ्या छावणीत सरकारी-लष्करी बाजूला सात आणि लोकांनी निवडलेले सात. उपाध्यक्ष निवडून आलेल्यांमधूनच. मतं समान पडली तर अध्यक्षांचं निर्णायक मत. वडिलांना या रचनेतली एक गोष्ट फार आवडायची: वर्दीतल्या अधिकाऱ्याला महिन्यातून एकदा तरी नालीबद्दल ऐकून घ्यावं लागतं आणि नालीवाल्यालाही त्याच्यासमोर नीट बोलायला शिकावं लागतं.

विषय किरकोळ वाटतात, पण ते किरकोळ नसतात. कर्णपुऱ्याचंच घ्या. नवरात्रात देवीच्या यात्रेला सगळं शहर आमच्या हद्दीत येतं. दुकानांच्या जागांचे लिलाव, पाळणे, पार्किंग, पाणी, दिवे, पहाटे दर्शनाला येणाऱ्या बायांसाठी उजेडाची वाट, मागून उरलेला कचरा. हे सगळं आधी कुणीतरी कागदावर मांडलेलं असतं. जागा कितीला गेली यावर फुगेवाल्याच्या नऊ दिवसांच्या कमाईचं गणित ठरतं. गुरुवारच्या आठवडी बाजाराचंही तसंच. बैल विकायला आणणाऱ्या शेतकऱ्याला द्यावी लागणारी पावती सभेतल्या एका ओळीतून येते.

आणि जमीन. शहरात माणूस पीआर कार्ड काढतो, गावात सातबारा. आमच्याकडे जीएलआर, म्हणजे जनरल लँड रजिस्टर. त्यात अनेक घरांची स्थिती अशी की भिंती तुमच्या, जमीन भारत सरकारची. बाप गेल्यावर मुलाचं नाव चढवायचं, एक खोली वाढवायची, पत्र्याच्या जागी स्लॅब टाकायचा, तर अर्ज आणि परवानगी. अशा वेळी वॉर्डातल्या मेंबरचं दार हा मोठा आधार असायचा. सकाळी सातला लोक तिथे उभे असत. तो काम करेलच असं नाही, पण ऐकून घ्यायला बांधलेला होता, कारण पाच वर्षांनी त्याला त्याच गल्लीत हात जोडून यायचं होतं.

ते दार बंद होऊन बराच काळ झाला. देशभरातल्या बहुतेक छावण्यांत शेवटचं मतदान २०१५ च्या जानेवारीत झालं. त्या सदस्यांना दोनदा मुदतवाढ मिळाली आणि २०२१ च्या फेब्रुवारीत तीही संपली. पुढे तिघांचं मंडळ आलं: अध्यक्ष, मुख्य कार्यकारी अधिकारी आणि केंद्राने नेमलेला एक नागरिक. २०२३ मध्ये ३० एप्रिल ही मतदानाची तारीख जाहीर झाली आणि महिन्याभरातच ती अधिसूचना मागे घेतली गेली. त्याच एप्रिलच्या अखेरीस हिमाचलातल्या योल छावणीचा नागरी भाग बाहेर काढला गेला आणि बाकीच्या छावण्यांनाही तीच वाट दाखवण्यात आली. नागरी भाग शेजारच्या पालिकेत, लष्करी भाग लष्कराकडे.

मी विलीनीकरणाच्या विरोधात नाही. जकात, एलबीटी गेली, २०१७ मध्ये जीएसटी आला आणि छावण्यांच्या हाती मालमत्ता करापलीकडे फारसं काही उरलं नाही, हे मी जाणतो. सरकारी योजनांत शहरातला माणूस पालिकेकडून जे मिळवतो, ते आमच्या पोरांनाही मिळायला हवं. पण वस्ती एका दप्तरातून दुसऱ्या दप्तरात जात असताना तिच्या बाजूने बोलणारा, तिनेच निवडलेला एकही माणूस टेबलाशी नाही, हे मला मनापासून खुपतं. महापालिकेतही २०२० नंतर बराच काळ प्रशासकच होता. नदीच्या दोन्ही काठांनी लोक एकाच वेळी बिनमेंबरचे राहिले.

केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार रस्ते, दिवे, पाणी अशा नागरी सोयींच्या मालमत्ता पालिकेकडे विनामोबदला जातील आणि जिथे जमिनीचा हक्क केंद्राचा आहे तिथे तो केंद्राकडेच राहील. या दुसऱ्या वाक्यात आमच्या गल्ल्यांचं सगळं भवितव्य आहे. ज्या म्हातारीचं घर जीएलआरमध्ये अजून सासऱ्याच्या नावावर आहे, तिला ते इंग्रजी पत्रातून कळणार नाही. म्हणून माझी मागणी छोटी आहे. जो काही मसुदा होईल, तो एखाद्या गुरुवारी भर बाजारात मोठ्याने वाचून दाखवा. मराठीत वाचा, उर्दूत वाचा, हिंदीत वाचा. सकाळी अकराच्या सुमारास वाचा, तेव्हा बाया भाजी घ्यायला आलेल्या असतात.